कानाचा रंग

पाळण्यावर वाकलेल्या चौथ्या बाईनंही बाळाचा कान दुमडून बघितला, तेव्हा शलाकाचं डोकं सणकलं. बारशाला आलेली प्रत्येक जण सकाळपासून हेच करत होती. तान्ह्या बाळाचा खरा रंग म्हणे कानाच्या पाळीवर कळतो.

"पाळी काळपटच आहे गं," चुलतसासूनं निकाल दिला. "केशराचं दूध घेत होतीस ना नीट?"

"रोज साय आणि डाळीचं पीठ लाव," मावशींनी सुचवलं. "मुलीची जात आहे. उद्या लग्न करायचंय तिचं."

दवाखान्यातला कागद कालपासून शलाकाच्या उशीखाली होता. त्यात काय लिहिलंय ते फक्त तिला आणि नवऱ्याला ठाऊक होतं. बारसं पार पडू दे, मग घरात सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं.

कानात नाव सांगायला बाळाची आत्या वाकली. तिनंही आधी कान दुमडला.

"पुरे झालं!" शलाका कडाडली. "कानाची एवढी हौस आहे ना, मग त्यात मोठ्यानं हाक मारून बघा. तपासणीत तिला काही ऐकू आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात परत तपासणार आहेत."

आत्याच्या हातातून पाळण्याची दोरी सुटली. मग चुलतसासू हळहळली, "अरे देवा! आधीच रंग असा, त्यात हे!"

शलाकानं झटकन लेकीला उचललं, तिचा एक कान छातीशी दाबला आणि दुसऱ्यावर घट्ट हात ठेवला.