सतरा घरांचा पत्ता

सोनाजीनं सांगितलेली सतरा घरं मशीनमध्ये कुठंच सापडत नव्हती.

मोहियोद्दीननं दोन फ्लॉप्या तपासल्या. शहागंजातलं त्याचं टायपिंगचं दुकान वडिलांच्या वेळचं, कॉम्प्युटर मात्र गेल्या दिवाळीचा. समोरच्या बाकावर सोनाजी मांडीवर घोंगडी घेऊन बसला होता. विद्यापीठाचं नामांतर होऊन महिना झाला होता, आणि पहिल्याच आठवड्यापासून हा मेंढरं राखणारा म्हातारा खुलताबादकडच्या गावाहून एसटीनं येत होता.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावात जाळलेल्या दलितांच्या घरांची यादी त्याला करून हवी होती. घर कुणाचं, दार कोणत्या अंगाला, आत काय होतं, सगळं त्याला पाठ होतं. सरूबाईकडं पोराची दहावीची पुस्तकं होती. बन्सीकडं बहिणीच्या लग्नाचा बस्ता होता. सांगताना तो जमिनीकडं बघायचा. त्याचं स्वतःचं घर यातलं कोणतं, हे मोहियोद्दीनला विचारवलं नव्हतं.

शेवटी फायली सापडल्या, लग्नपत्रिकांच्या डिरेक्टरीत, म्हणजे मशीनमधल्या त्यांच्या कप्प्यात. जागा सांगितली नाही तर मजकूर लिहायचा प्रोग्राम, एडिटर, असंच करतो, फाइल हाताशी येईल तिथं टाकतो.

मोहियोद्दीननं सेटिंग उघडली. मजकूर कुठं ठेवायचा, जादा प्रत कुठं, सुरू होताच आधी कोणती डिरेक्टरी दाखवायची. एवढं एकदा भरलं की पुन्हा चुकामूक नाही, असं त्यानं समजावलं. सोनाजीनं नीट ऐकून घेतलं आणि दोन डिरेक्टऱ्या करायला सांगितल्या. एक घरांची. दुसरी, घरं जाळणाऱ्यांची. ती नावं तो आज सांगणार होता.

मोहियोद्दीनचे हात थांबले. ती माणसं अजून गावातच असतील, तुम्हाला जगू देणार नाहीत, असं तो हळूच म्हणाला. सोनाजीनं नुसती मान हलवली. उद्या सरूबाईचा मुलगा दुकानात येऊन सगळं वाचणार होता, मग कागद वकिलाकडं जायचे होते.

"सुरू झाल्यावर आधी काय दाखवू, बाबा? घरं?"

"नाय. नावं. त्याला आधी नावंच दिसू द्या."

"तुम्ही याल ना त्याच्यासोबत?"

"म्या त्या वक्ताला ठाण्यात असन."

तक्रार द्यायला एकटे जाऊ नका, सोबत येतो, असं मोहियोद्दीन म्हणाला. रस्त्यावर हातगाडीवाल्यांची ओरड चालू होती. मोहियोद्दीननं रकान्यात दुसऱ्या डिरेक्टरीचा पाथ, म्हणजे पत्ता, भरला, बदल जतन केला, एडिटर बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी तो बरोबर जागी उघडला. त्यानं कोरी फाइल घेतली.

"सांगा, बाबा."

सोनाजी उठून उभा राहिला.

"पहिलं नाव माझं लिवा, भाई. सरूबाईच्या छपराला काडी म्या लावली."