रिकाम्या पोत्यांची मोळी

गोणी गुडघ्याखाली दाबून वासितीने गाठ आवळली. अळूच्या कंदांची ही आजची शेवटची गोणी. बोट खाडीबाहेर उभी होती आणि माल न्यायला होडी वाळूला लागली होती. होडीवाला कितियोने हा तिच्या दिराचा मुलगा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"काकी, पुढच्या खेपेपासून हे सोंग बंद." त्याने प्लास्टिकच्या पट्ट्यांचा जुडगा तिच्यापुढे टाकला. "सुव्याचा व्यापारी म्हणतो, सगळ्यांनी ह्याच लावा. तुझ्या गाठीपायी हमाल शिव्या घालतात म्हणे."

वासितीने जुडगा बाजूला सारला. वाऊच्या झाडाच्या सालीची दोरी वळणं आणि ही गाठ मारणं, दोन्ही तिच्या नवऱ्याचं. ओढावी तितकी ती घट्ट व्हायची. दोरीचं शेपूट आत ढकललं तरच सुटायची. त्याने ती फक्त तिला आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, इलाईला शिकवली होती. पुढे बापलेकांचं वाजलं आणि इलाई हे कंदावू बेट सोडून फिजीच्या राजधानीला, सुव्याला निघून गेला. बाप वारला तेव्हाही आला नाही. बेटाच्या रीतीने अशा माणसाला हात हलवत परत येता येत नाही. देवमाशाचा दात घेऊन यावं लागतं, गावासमोर मान खाली घालून माफी मागावी लागते. इलाईची मान बापासारखीच ताठ. तो जिवंत आहे की नाही, हेही कुणी धड सांगत नव्हतं.

म्हणून ती गोण्या अशा बांधायची. कंद सुव्याच्या बाजारात उतरतात एवढं तिला माहीत होतं. पुढे ते कुणाच्या चुलीवर चढतात, कुणास ठाऊक. वाटेत कुठेतरी ही गाठ त्याच्या नजरेला पडावी आणि आई वाट बघतेय हे त्याला कळावं, एवढंच तिचं मागणं. आता पट्ट्या आल्या म्हणजे तेही संपलं. तिला रडू येत होतं, पण चारचौघींत ती रडली नाही.

गोण्या चढल्या. बायका रिकाम्या पोत्यांसाठी थांबल्या. मागच्या खेपेची पोती बाजारातून मोळी बांधून परत यायची आणि कितियोने ती होडीतच मोकळी करून ज्याची त्याला फेकायचा. आज तो नुसताच कंबर चाचपत राहिला. सुरी बोटीवर कुणाला तरी नारळ सोलायला दिली होती, ती तिथेच राहिली. त्याने नखं लावली, दात लावले. बायका हसायला लागल्या. शेवटी वैतागून त्याने मोळी वासितीच्या पायाशी टाकली.

"घे, तूच बघ. तुला हौस ना गाठींची."

वासिती वाकली. दोरी नायलॉनची होती. तिने गाठीवरून बोट फिरवलं आणि थबकली. मग अंगठ्याने शेपूट हळूच आत ढकललं. गाठ सुटली, पोती वाळूवर पसरली.

ती तिथेच खाली बसली. दोरी हातात धरून तिने विचारलं,

"ही मोळी अशी कधीपासून येते रे?"

"कायम अशीच येते," कितियोने पोती गोळा करत म्हणाला. "सुटता सुटत नाही, म्हणून तर इतकी वर्षं मी ती कापतोय."