जिन्यातला हिरवा पट्टा

"काकू, अजून एकदा. थांबू नका, चालत राहा," हेरंब कॅमेऱ्यामागून म्हणाला.

गुडघ्यावर हात टेकत काकू नव्या घराचा जिना पुन्हा चढल्या. फोटोवाला येणार म्हणून ठेवणीतली हिरवी नारायणपेठी नेसून त्या सकाळपासून तयार होत्या. पण त्याला बोलावलं होतं आर्किटेक्ट मॅडमनी, आपल्या कामाचे फोटो हवेत म्हणून. शटर बराच वेळ उघडं ठेवलं की चालणारा माणूस पुसट येतो; जिना केवढा ते कळतं, चेहऱ्याकडे लक्ष जात नाही. हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेल्या हेरंबनेही नाही.

शेवटी त्यांनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. जिन्यावर नुसता हिरवा, धुरकट पट्टा.

"यात मी कुठेय?"

हेरंब लेन्स पुसू लागला. त्याच हसल्या. "असू दे. घरात सगळ्यांना अशीच दिसते मी."

मॅडम निघून गेल्या. हेरंबने आवरायला घेतलेला कॅमेरा परत स्टँडवर चढवला.

"काकू, सोफ्यावर बसा जरा. आता मात्र हलायचं नाही. उजेड कमी आहे, वेळ लागेल."

"नुसतं बसायचं?" त्यांनी दोनदा विचारलं, मग टेकल्या. तो फोकस जुळवेपर्यंत झोपेने त्यांची मान कलली होती.

आतून काकांची हाक आली. "अगं, चहा टाकतेस ना?"

हेरंबने आतलं दार हलकेच लोटलं आणि शटर उघडलं. काकू जराही हलल्या नाहीत.