फाटकावरची पाळी

डीलियानं छत्रीनं तिसऱ्यांदा जागा मोजली. नवऱ्याच्या, फेस्टीच्या थडग्यापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत तेवढीच, दोन माणसांची. मोजून थोडीच वाढणार होती! पण हाताला काही चाळा नसला की तिच्या छातीत धडधडायला लागायचं.

"अगं, बस की जरा," विनी म्हणाली. "तुझ्या येरझारांनी खालचे सगळे जागे होतील."

विनी म्हणजे फेस्टीची थोरली बहीण, डीलियाची नणंद. पडक्या चर्चच्या आडोशाला, आठशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा मठाधिपतीच्या थडग्यावर खुशाल बसून ती हॅमचं सँडविच खात होती. डॉक्टरांनी तिला नाताळपर्यंतची मुदत दिली होती. आणि ही बाई बघा, ब्रेडच्या कडा काढून कावळ्यांना टाकतेय! डीलियाच्या अंगाचा तिळपापड झाला.

चर्चचं छप्पर कधीच गेलं होतं. आवारात मात्र चर्च बांधायच्याही आधीपासूनची माणसं एकावर एक निजली होती. आता जागाच उरली नाही म्हणून आवार बंद झालं होतं. नवीन लोकांना रस्त्याकडेचं नवं कबरस्तान. जुन्या घराण्यांतल्या ज्यांचा हक्क होता, त्यांची एक यादी तेवढी केली होती. तीही एकेक करत संपत आली. शेवटची दोन नावं राहिली होती, विनी आणि डीलिया.

इथं जो शेवटी पुरला जातो, त्यानं फाटकाशी उभं राहून बाकीच्यांची राखण करायची, पुढचा येईपर्यंत. या किनाऱ्यावर हे कुणाला शिकवावं लागत नाही. एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या की माणसं पेटी खांद्यावर घेऊन फाटकाकडे पळत सुटायची, ती काय उगाच? फेस्टी चार वर्षं उभा होता. विनी गेली की तो सुटेल. डीलिया गेली की विनी सुटेल. आणि डीलियाला कोण सोडवणार? जग बुडेपर्यंत त्या फाटकाशी ती एकटी, वाऱ्यापावसात, अंधारात. शहात्तर वर्षांची झाली तरी माळ्यावर जाताना दिवा लावणारी बाई ती! या विचारानं महिनाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"तुझं बरं आहे," ती शेवटी बोललीच. "मजा आहे तुझी."

"कसली गं मजा?"

"आधी जायची."

विनीचा घास हातातच राहिला. डीलियाला आता थांबवेना. "तीन आठवडे झाले, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात मी. म्हटलं, बघूच कोण आधी जातंय ते!"

बोलून गेली आणि तिची तिलाच शरम वाटली. मरायला टेकलेल्या नणंदेशी शर्यत! ती तिथंच गवतात मटकन बसली आणि तोंडावर रुमाल धरून रडायला लागली. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

विनी आधी हसली. खोकला येईपर्यंत हसली. मग उठून तिच्यापाशी आली आणि तिनं फ्लास्कमधला चहा ओतला.

"कुठायत गोळ्या?"

"पर्समध्ये."

"घे. माझ्यासमोर घे. अकलेचा कांदा कुठची!"

डीलियानं मुकाट्यानं गोळी गिळली.

"आता ऐक," विनी म्हणाली. "नाताळात तुला मला इथं आणायचं नाहीये. मी शहरातल्या दहनगृहात जाऊन सांगून आलेय. जाळा म्हटलं मला."

डीलियानं झटकन छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांच्या घराण्यात आजवर कुणाला जाळलं नव्हतं. शेजारच्या टॉमाशला जाळलं, तेव्हा हीच विनी दोन दिवस जेवली नव्हती.

"काय बोलतेस विनी! का पण?"

"पेटीला थांबता येत नाही, राखेला येतं. तुझ्या स्वयंपाकघरात ठेव मला, फळीवर, चहाच्या डब्यामागं. फक्त फादरना कळू देऊ नकोस, घरात ठेवलेलं त्यांना चालत नाही. दहा वर्षं ठेव, वीस वर्षं ठेव. तू गेलीस की आधी तुला पुरतील आणि त्याच्यावर मला. तुझ्या लेकाकडून तसा शब्द घेतलाय मी."

डीलियानं बोटांवर मोजलं, आधी आपण, मग विनी. म्हणजे फाटकाशी शेवटची उभी राहणार ती विनी.

"मग फेस्टी? तो तोवर उभाच?"

"राहू दे उभा. तो पबमधून येईपर्यंत तू किती वर्षं दारात उभी होतीस, आठवतंय ना? कळू दे त्यालाही."

एवढ्या रडण्यातही डीलियाला हसू आलं. मग तिनं विनीचा हात घट्ट धरला. केवढासा झाला होता तो हात.

"आणि तू गं? तुला कोण सोडवणार?"

"अडतीस वर्षं मँचेस्टरच्या इस्पितळात रातपाळी केलीय मी," विनी म्हणाली. "तू निवांत झोप. मी आहे जागी."