पिवळट झाक

कॅमेरा एकदाच घ्यायचा आणि नीट घ्यायचा, म्हणून महिनाभर दोन कंपन्यांत माझं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. एक कॅमेरा मित्राकडून आणला होता, दुसरा भाड्याने. रोज सकाळी बायकोला खिडकीपाशी बसवायचं, दोन्हींनी तिचे फोटो काढायचे आणि संगणकावर मोठे करून अगदी पापणीचा केस न केस तपासायचा, हा माझा नेम.

पहिल्या कॅमेऱ्यात तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळट यायला लागला, म्हणून तो बाद केला. चार दिवसांनी दुसऱ्यातही तेच! माझं डोकंच फिरलं.

"अहो, त्या कॅमेऱ्याला कशाला नावं ठेवता? मीच दिसत असेन तशी," ती थकल्या आवाजात म्हणाली.

"तू गप्प बस गं, हलू नकोस," असं म्हणून मी फोटो काढला, आणि रोजच्यासारखी ती पिवळट झाक संगणकावर पुसून टाकली.

काल ती खिडकीपाशीच चक्कर येऊन पडली.



तिला तपासून डॉक्टर माझ्याकडे वळले. "डोळे इतके पिवळे होईपर्यंत घरात एकाचंही लक्ष गेलं नाही?"