डाव्या गुडघ्याची शपथ

“चांगला पाय आधी,” फिजिओ म्हणाली.

मुलगी रेषेवर उजव्या पायावर उभी राहिली, हात कमरेवर ठेवले आणि उडी मारली. उतरताना किंचित डगमगली, पण तोल सावरला.

“एकशे चव्वेचाळीस.” फरशीवर चिकटवलेल्या मोजपट्टीवरचा सेंटीमीटरचा आकडा फिजिओने टॅबमध्ये भरला. “चांगल्या पायाला आज कंटाळा आलाय वाटतं?”

“बसमध्ये मुडपून बसले होते ना, ताई. आखडलाय.”

“नाकतोड्या, बहाणे पुरेत,” कोपऱ्यातल्या खुर्चीतून मुलीचे बाबा म्हणाले. लांब उडी मारते म्हणून क्लबात तिला पडलेलं हे नाव घरीही चिकटलं होतं.

फिजिओने आणखी दोन उड्या मारायला लावल्या. दोन्ही पहिलीपेक्षा आखूडच पडल्या. तिने त्याचा फार विचार केला नाही. तिचा सगळा जीव डाव्या पायात अडकला होता.

डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटून ऑपरेशन झाल्याला नऊ महिने झाले होते. शनिवारी संघाची निवड होती. ही हुकली तर पुढची दोन वर्षांनी, आणि तेव्हा मुलगी वयोगटातून बाहेर गेलेली असणार. फिटनेसच्या दाखल्याशिवाय तिला मैदानात उतरू देणार नव्हते. दाखल्याचा नियम सोपा होता. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या उडीच्या निदान नव्वद टक्के हवी. पंधरा दिवसांपूर्वी गाडी ब्याऐंशीवर अडली होती.

गेल्या वर्षी फिजिओने एका गोलकीपरला शहाऐंशी टक्क्यांवर सोडलं होतं. क्लबवाले हातघाईवर आले होते, तो स्वतः गयावया करत होता. नवव्या दिवशी त्याचा गुडघा पुन्हा गेला, या वेळी कायमचा. रस्त्यात दिसला की तो अजूनही हसून हात करतो. ते हसणं तिला शिवीपेक्षा जास्त लागतं. तेव्हापासून तिने एकोणनव्वदलासुद्धा कुणाला सही दिली नव्हती.

“आता डावा.”

फिजिओ गुडघे टेकून बसली. तिला आकडा नंतर हवा होता. आधी गुडघा आत वळतो का ते बघायचं होतं. वळला नाही. मुलगी डाव्या पायावर उतरली आणि खुंटीसारखी उभी राहिली.

“एकशे एकतीस. मागच्या वेळी एकशे एकोणतीस होते.”

“दोन का होईना, पुढेच आहे की,” बाबा म्हणाले.

फिजिओने आकडा भरला. टॅबवर हिरव्या चौकटीत एक्याण्णव उमटले.

मुलीने तोंडावर दोन्ही हात घेतले. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. फिजिओला त्यांचं हे गप्प बसणं खटकलं. मुलांच्या मागे हात धुऊन लागलेले पालक तिने पोत्याने पाहिले होते, आणि त्यातले गप्प बसणारे तिला जास्त धोक्याचे वाटत.

“बाबा, जरा पाणी आणता का खालून? इथला फिल्टर बिघडलाय.”

ते गेल्यावर तिने मुलीला पलंगावर बसवलं आणि डावा गुडघा चाचपला. सूज नव्हती, पाणी नव्हतं. मांडीचा घेरही भरून आला होता.

“बाबांनी काही पढवून आणलंय का? दुखलं तरी बोलू नकोस, असं काही?”

“बाबांनी?” मुलगी हसली. “ते तर म्हणतात, ताई नाही म्हणाल्या तर विषय संपला. रात्रभर जागे असतात ते. मीच त्यांना समजावते.”

“मग तूच सांग. दुखतंय?”

“डावा? अजिबात नाही, ताई.”

“खरं?”

“डाव्या गुडघ्याची शपथ.”

फिजिओलाही हसू आलं. “मन लावून केलास हं व्यायाम. घरी किती वेळ करायचीस?”

“तुम्ही सांगितला तेवढा. आणि थोडा जास्त.” मुलगी मोजे चढवत होती. “डावा दमला की उजव्यावर करायचे. रिकामं बसवतच नाही.”

“वेडी आहेस.”

बाबा पाण्याची बाटली घेऊन आले. समोर दाखल्याचा कागद बघून त्यांनी ती न उघडताच टेबलावर ठेवली.

“मॅडम, एक विचारू? तुमची मुलगी असती, तर पाठवली असतीत?”

मुलीचे हात बुटाच्या नाडीवर थांबले.

फिजिओने टॅबकडे पाहिलं. आकडा हिरवा होता. गुडघा तिने स्वतःच्या बोटांनी तपासला होता. या खेपेला कुणाच्या दबावाखाली, कुणाच्या रडण्यामुळे ती काही करत नव्हती.

“हो,” ती म्हणाली, “डोळे झाकून.” आणि तिने सही केली.

बाबांनी कागदाची घडीसुद्धा घातली नाही. ओल्या चित्रासारखा दोन्ही हातांनी धरला. मुलीने फिजिओला घट्ट मिठी मारली. “ताई, जिंकले तर पहिला फोन तुम्हाला.”

“जिंकू नकोस मेले, धड परत ये.”

ती दोघं निघाली. फिजिओ दारात उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच छातीवरचा दगड हलल्यासारखा वाटत होता. बाबा पुढे झपाझप जिना उतरून वळणाआड गेले. मुलगी वरच थांबली, ते दिसेनासे होईपर्यंत. मागे कुणी बघतंय हे तिच्या लक्षात आलं नाही.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच आठवड्यात फिजिओ प्रत्येकाला जिन्याचा एक धडा घोकवून घ्यायची: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. कुबड्या सुटतात, पण दुखलं की पाय आपोआप त्याच क्रमाने पडतात.

मुलीने कठडा घट्ट धरला. उजवा पाय खालच्या पायरीवर अलगद टेकवला, डावा त्याच पायरीवर आणला, श्वास घेतला, आणि पुन्हा उजवा खाली टाकला.