राजाची फळी

"सव्वीस इंच," पट्टी उचलत हार्कर म्हणाला. "दोन फुटांच्या वर. ही फळी राजाची."

केझायाने स्तोत्रांचं पुस्तक मिटलं. अंगणात तिच्या नवऱ्याची शवपेटी दांड्यांवर बांधून तयार होती, आणि हा माणूस तिचं झाकण मोजत होता. अमेरिकेतल्या या इंग्रज वसाहतीत, न्यू हॅम्पशायरच्या रानातले दोन फुटांहून जाड पाइन इंग्लंडच्या राजाच्या गलबतांच्या डोलकाठ्यांसाठी राखलेले. त्यांच्यावर कुऱ्हाडीने बाणाची खूण करत हिंडायचं, हे हार्करचं काम. म्हणून गावात सगळे रुंद फळ्या गुपचूप उभ्या चिरून घेत. ही एकच ओबेद सुताराला चिरवली नव्हती.

"जोनासचे खांदे रुंद होते," म्हातारा ओबेद म्हणाला. "चहावर कर घेता, काकवीवर घेता. आता मढ्याचं झाकणपण न्या!"

"नेणारच. हातोडा आण. खिळे काढ."

"माझा हरवलाय."

हार्करने बाकीच्यांकडे पाहिलं. वीसएक माणसं होती. सगळ्यांचेच हातोडे त्या सकाळी हरवले होते.

त्याचे कान लाल झाले. सोबत आणलेल्या शिपायाच्या हातातली कुऱ्हाड ओढून घेऊन त्याने झाकणावर तीन घाव घातले. बाण उमटला.

"उद्या गाडी घेऊन येतो. तोवर राजाच्या मालाला जो हात लावेल, तो तुरुंगात!"

जूनचा उकाडा. जोनासला जाऊन तिसरा दिवस. उद्यापर्यंत थांबता येणार नाही, हे हार्करच्या नाकालाही कळत होतं.

खांदेकरी त्वेषाने पुढे सरसावले. केझायाने हात आडवा धरला.

"मागे व्हा, भाऊ. हात लावायचा नाही म्हणतात ना साहेब?" ती इतकं हळू बोलली की हार्करला वाकावं लागलं. "मग तुम्हीच उचला. राजाचा माल राजाच्या माणसानेच न्यावा."

"मी? वेड लागलंय का, बाई?"

तो घोड्याकडे वळला. लगाम ओबेदच्या हातात होता. फाटकाशी माणसं दाटली होती. सगळ्यांचे हातोडे आता सापडले होते.

हार्करने आणि शिपायाने दांडे खांद्यावर घेतले. टेकडी चढताना हार्कर दोनदा अडखळला.

"सांभाळून," केझाया मागून म्हणाली. "आत माझा माणूस आहे."

खड्ड्याशी पोचताच तो पेटी टेकवू लागला, तसे चर्चचे पाळकबाबा खाकरले. स्तोत्र संपेपर्यंत मढं खांद्यावरून उतरवायचं नाही, ही या टेकडीवरची रीत.

"कितवं घेऊ, केझाया?"

तिने पुस्तक उघडलंच नाही. रोज पहाटे म्हणून म्हणून तिला सगळी स्तोत्रं पाठ होती.

"एकशे एकोणिसावं."

सगळ्या पुस्तकात सर्वांत लांब. एकशे शहात्तर कडवी.

पाळकबाबांनी पहिली ओळ सांगितली, सावकाश. लोकांनी ती त्याहून सावकाश गायली.